पडद्यावरचा डॉक्टर आणि आमची वही

आम्ही मुदखेड तालुक्यातल्या बचत गटांच्या बाया बोलतोय. आत्ता दुपारची वेळ आहे. कुणी डाळ निवडत बसलं असेल, कुणी शिलाई मशीनवर असेल, कुणाचा रेडिओ शेताच्या बांधावर ठेवलेला असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडं द्या. आज आम्ही पडद्यावरच्या डॉक्टरबद्दल बोलणार आहोत. म्हणजे उपकेंद्रात टॅबलेटवर दिसतो तो डॉक्टर.

आम्ही डॉक्टर नाही, नर्सही नाही. हप्ते, कर्ज, व्याज, ठराव, इतिवृत्त हे आमचं काम. मग या गोष्टीत आम्ही कशाला पडलो? त्याचं कारण आमच्याच गटातल्या एका बाईच्या पायात आहे. ते पुढं सांगतो.

आधी ही सोय काय आहे ते. केंद्र सरकारची ई-संजीवनी नावाची सेवा आहे. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संस्थेनं ती तयार केली. तिचे दोन रस्ते आहेत. पहिला २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू झाला. आपल्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतात, ज्यांना आपण सीएचओ म्हणतो. ते आपलं बीपी, शुगर, वजन, ताप बघतात आणि गरज असेल तर टॅबलेटवर लांबच्या डॉक्टरला जोडून देतात. डॉक्टर बोलतो, बघतो, चिठ्ठी देतो आणि औषध उपकेंद्रातूनच मिळायचं असतं. दुसरा रस्ता १३ एप्रिल २०२० ला, लॉकडाऊनमध्ये उघडला. त्यात घरूनच, मोबाईलवरून डॉक्टरशी बोलायचं. दोन्हीला पैसे लागत नाहीत. २०२३ च्या फेब्रुवारीत देशभरात असे १० कोटी सल्ले झाल्याचं सरकारनं जाहीर केलं. आणि त्यात निम्म्याहून जास्त आपण बायाच होतो.

लांबून डॉक्टर ही कल्पना काही आजची नाही, आणि तिची सुरुवात, ऐकून बरं वाटेल, बऱ्याच अंशी रेडिओपासून झाली. ऑस्ट्रेलियात माणसाला माणूस दिसत नाही अशी लांब लांब पसरलेली शेतं आहेत, मेंढ्यांची कुरणं आहेत. तिथं १९२८ साली विमानानं डॉक्टर पाठवायची सेवा सुरू झाली. पण डॉक्टरला बोलवायचं कसं? तर १९२९ मध्ये आल्फ्रेड ट्रेगर नावाच्या माणसानं पायानं पेडल मारून चालणारा रेडिओ तयार केला. वीज नको, काही नको. घरातली बाई पेडल मारायची आणि शेकडो किलोमीटरवरच्या डॉक्टरशी बोलायची. आपल्या शिलाई मशीनसारखंच समजा. पुढं त्या घरांमध्ये औषधाची एक पेटी ठेवायला लागले. पेटीतल्या प्रत्येक औषधाला नंबर. डॉक्टर रेडिओवरून सांगायचा, अमुक नंबरची गोळी इतक्या वेळा द्या.

ही पेटीची गोष्ट आम्हाला फार पटली. कारण तिथं डॉक्टरचा आवाज यायच्या आधी औषध घरात येऊन बसलेलं होतं. आपल्याकडं बऱ्याचदा उलटं होतं. आवाज येतो, चेहराही येतो, आणि औषध म्हणतं उद्या या.

आपल्या देशात २००० साली आंध्रातलं अरगोंडा नावाचं खेडं चेन्नईच्या मोठ्या खासगी रुग्णालयाशी जोडलं गेलं. त्यानंतर इस्रोनं उपग्रहाच्या मदतीनं ठिकठिकाणची रुग्णालयं जोडायला सुरुवात केली. महाराष्ट्रातही मुंबईचं केईएम आणि काही जिल्हा रुग्णालयं अशी जोडली होती. पण ते मोठ्या दवाखान्यानं मोठ्या दवाखान्याशी बोलणं होतं. छतावर डिश, खोलीत यंत्रं. आपल्या उपकेंद्रापर्यंत ते आलं मोबाईलचं इंटरनेट आल्यावर.

आणि डॉक्टर लोकही घाबरत होते. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर रत्नागिरीचं एक प्रकरण आलं होतं. बाळंतीण बाईला प्रत्यक्ष न तपासता फोनवरून उपचार सांगितले गेले आणि ती दगावली. न्यायालयानं डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर फोनवर साधा सल्ला द्यायलाही डॉक्टर कचरू लागले. त्यांचं तरी काय चुकलं, नियमच नव्हते. ते नियम आले २५ मार्च २०२० ला. लांबून तपासताना डॉक्टरनं काय करायचं, कुठली औषधं द्यायची, कुठली अजिबात द्यायची नाहीत, आणि हे लांबून जमणार नाही असं म्हणायचा हक्क डॉक्टरला कसा आहे, हे त्यात लिहिलं आहे. तोच हक्क पेशंटलाही आहे. मला पडद्यावर नको, समोर बघा, असं म्हणता येतं.

आता आमच्याकडचं सांगतो.

आमच्या एका गावात उपकेंद्रात हे सुरू झालं तेव्हा पहिले काही दिवस बाया बघायलाच गेल्या. टीव्हीवर डॉक्टर येतो म्हणे. एक आजी आत गेल्या आणि पदर सावरून टॅबलेटला नमस्कार करून परत आल्या. दुखणं काय ते सांगायचं राहूनच गेलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "त्यानं नाडीच धरली नाही, मग मी काय बोलू?"

हसू येतं, पण आजींचं म्हणणं खोटं नाही. आपल्या लोकांचा विश्वास हातावर असतो. डॉक्टरनं पोट दाबून बघावं, जीभ बघावी, छातीला यंत्र लावावं, मग औषध गुण देणार. पडद्यावरच्या डॉक्टरला वास येत नाही, पाय गार आहे का गरम ते कळत नाही, पोट कडक झालंय का ते कळत नाही. त्याला जे कळतं ते आपल्या बोलण्यातून आणि सीएचओच्या हातातून. म्हणजे सीएचओनं नीट तपासलं नाही किंवा आपण नीट सांगितलं नाही, तर तो डॉक्टर आंधळाच.

आणि नीट सांगणं सोपं आहे का? एक तर रेंज. दुपारी बारा वाजता चित्र थांबतं, डॉक्टरचं तोंड उघडं ते उघडंच राहतं, आवाज मात्र पुढं जातो. वीज गेली आणि इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली असली तर संपलंच. मग भाषा. आमच्या बाया म्हणतात, अंगात कसकस आहे, पोटात गोळा फिरतोय, डोळ्यांपुढं अंधारी येते. पलीकडचा डॉक्टर विचारतो, वेदनेचं स्वरूप काय? तांड्यावरच्या बंजारा बायांचं आणि आमच्या मुसलमान बहिणींचं तर आणखी अवघड. घरात बोलायची भाषा वेगळी, दवाखान्यात वेगळी, पडद्यावर तिसरीच.

सगळ्यात मोठी अडचण दाराची. उपकेंद्राची खोली एकच. दार उघडं. बाहेर बाकावर शेजारपाजार बसलेलं. आत सासू सोबत आलेली. टॅबलेटचा आवाज मोठा केलेला, कारण नाहीतर ऐकू येत नाही. अशा वेळी अंगावरून पांढरं जातं हे कोण सांगणार? पाळीचं कोण बोलणार? नवऱ्यानं मारलेला व्रण कोण दाखवणार? घरून मोबाईलवर बोला म्हणावं, तर मोबाईल नवऱ्याच्या खिशात. ओटीपी त्याच्याच फोनवर येणार. बाईला डॉक्टर हवा असेल तर आधी नवऱ्याला सांगावं लागणार की मला डॉक्टर कशासाठी हवाय.

तरी आम्ही ही सोय वाईट म्हणत नाही. बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या बायांना ती फार उपयोगी पडली. आधी महिन्याला एक दिवस मोडायचा. सकाळी निघायचं, मुदखेड नाहीतर नांदेड गाठायचं, रांग लावायची, केसपेपर, परत रांग. २०२३ च्या मार्चपासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट झालं, पण रोज बुडतो तो बुडतोच. त्याला कुणी अर्धं करत नाही. त्याच बाया आता गावातच बीपी मोजून, डॉक्टरशी बोलून, गोळ्या घेऊन दहाच्या आत कामाला जातात. खरूज, गजकर्ण असलं कातडीचं दुखणंही पडद्यावर बरंच दिसतं, उजेड चांगला असेल तर.

आता त्या पायाची गोष्ट.

आमच्या गटातली एक मैत्रीण आहे. तिनं सांगायची परवानगी दिली आहे, नाव मात्र घेऊ नका म्हणाली. मुदखेडची फुलशेती तुम्हाला माहीत आहे. हिचे दहा गुंठे गुलाब आहेत. पहाटे अंधारात उठून फुलं तोडायची, उजाडायच्या आत पोती भरून नांदेडच्या बाजाराला लावायची. वय पन्नासच्या आसपास. शुगर आहे हे तिला ठाऊक होतं, गोळ्या कधी घ्यायची, कधी नाही.

दसऱ्याच्या तोंडावर तिच्या पायात गुलाबाचा काटा मोडला. तिला कळलंच नाही. शुगर जुनी झाली की पाय बधिर होतात, काटा मोडला तरी दुखत नाही. दुखलं नाही म्हणून तिनं बघितलं नाही. तीन-चार दिवसांनी चपलेत ओलं लागलं तेव्हा तिनं पाय वर करून पाहिला. अंगठ्याशेजारी जखम होती, कडेनं काळं पडलेलं.

ती उपकेंद्रात गेली. शुगर मोजली, बरीच वर होती. टॅबलेटवर डॉक्टर जोडून दिला. जखम कॅमेऱ्यात दाखवली, नीट दिसत नव्हती, पण डॉक्टर हुशार होता. त्यानं सरळ सांगितलं, हे इथं होणार नाही, आजच्या आज मोठ्या दवाखान्यात जा. चिठ्ठीवर तसं लिहूनही दिलं. बोलणं संपलं. तिकडं नोंद झाली, सल्ला पूर्ण.

आणि ती गेली नाही.

का गेली नाही? फुलांना भाव होता. वर्षात तेवढेच दिवस चार पैसे मिळतात. नवरा म्हणाला दसरा होऊ दे. मुलगा पुण्याला. सोबत यायला कुणी नाही, आणि नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात एकटीनं जायची भीती, कुठं जायचं, कुठल्या खिडकीवर, कुणाला विचारायचं. आणि खरं सांगायचं तर दुखत नव्हतं. न दुखणाऱ्या पायासाठी कोण दसरा सोडतं?

मधल्या काळात आमच्या गटाची बैठक झाली. ती आली होती. पायाला जुन्या साडीची चिंधी बांधलेली होती. आम्ही विचारलं, काय झालं गं? ती म्हणाली, काटा लागला. आम्ही तिचा हप्ता घेतला, वहीत लिहिला, बेरीज केली. पेटीत पैसे होते. त्या दिवशी एका बाईला शेळीसाठी कर्ज दिलं, ठराव झाला, अंगठे-सह्या झाल्या. हिला गाडीभाडं लागेल का, सोबतीला कुणी येऊ का, हे आमच्यापैकी एकीच्याही तोंडातून निघालं नाही. उपकेंद्रानं तिला परत विचारलं नाही हे खरं आहे. पण आम्ही तर तिच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो.

दसरा झाल्यावर तिला ताप भरला तेव्हा नेलं. दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला.

नंतर आम्ही त्या चिठ्ठीबद्दल फार विचार केला. कागदावर बघाल तर सगळं बरोबर होतं. पेशंट आली, डॉक्टर भेटला, सल्ला योग्य होता, वेळेत होता, पैसा लागला नाही. कुणी या सोयीची पाहणी करायला आलं असतं तर हिचा सल्ला चांगल्या कामातच धरला असता. १० कोटींसारख्या कुठल्याही आकड्यात असा सल्ला एक म्हणूनच मोजला जातो. आकडा खोटा नाही. पण तो दारापर्यंतच येतो. दाराच्या बाहेर बाई कुठं वळली, गावाकडं का दवाखान्याकडं, ते त्याला दिसत नाही.

सीएचओंनाही दोष देणं सोपं आहे. आम्ही बोललो त्यांच्याशी. त्या कंत्राटावर आहेत. किती जणांचं बीपी तपासलं, किती सल्ले झाले, याचे आकडे त्यांना वर द्यावे लागतात आणि मोबदल्याचा काही भाग कामाच्या अशा मोजमापावर असतो. पेशंट आठ दिवसांनी बरी झाली का हे विचारायला त्यांना वेळ कोण देतं? जे मोजायला सांगितलं ते त्या मोजतात. आपणही बँकेच्या माणसाला तेच दाखवतो जे तो विचारतो.

तर मग आम्ही वही काढली. दुसरं आम्हाला काय येतं? शंभर पानी वही, आडव्या रेघा, उभे रकाने. ठरलं असं की गटातली कुठलीही बाई किंवा तिच्या घरचं माणूस पडद्यावरच्या डॉक्टरशी बोललं, की आठ दिवसांनी गटातली एक जण तिच्या घरी जाऊन पाच गोष्टी विचारेल. किती वेळ बसावं लागलं आणि बोलणं मध्येच तुटलं का? डॉक्टरनं काय सांगितलं ते तुझ्या शब्दांत सांग. औषध उपकेंद्रात मिळालं का बाहेरून विकत घेतलं, किती पैसे गेले? पुढं जायला सांगितलं होतं तर गेलीस का, नसशील तर कशामुळं? आणि आता कसं आहे?

सहावा प्रश्न आमच्यातल्या एका नव्या सुनेनं घालायला लावला. ती बारावी झालेली, बैठकीत कधी बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, "जे सांगायला गेली होतीस ते सांगता आलं का, हे पण विचारा." सगळ्या गप्प झाल्या. मग एकीनं रेघ मारून रकाना वाढवला.

या सहाव्या रकान्यानंच जास्त काही दाखवलं. वहीत एक बाई आहे, ती डोकं दुखतंय म्हणून गेली, डोक्याची गोळी घेऊन आली. आठ दिवसांनी विचारलं तर म्हणाली, डोकं नव्हतं दुखत. पिशवीचं दुखणं होतं. सासूबाई शेजारी होत्या. अशा बाया एक-दोन नव्हत्या.

दुसऱ्या प्रश्नानंही धडा दिला. डॉक्टरनं सांगितलं जेवणानंतर, बाईनं ऐकलं जेवणाआधी. डॉक्टरनं सांगितलं महिनाभर, बाईला बरं वाटलं तशी तिनं पाच दिवसांत गोळ्या बंद केल्या आणि उरलेल्या शेजारणीला दिल्या. शेजारणीचं दुखणंच वेगळं. हे पडद्यामुळंच झालं असं नाही, समोरच्या डॉक्टरकडंही होतं. पण समोर कंपाउंडर असतो, औषध देताना पुन्हा एकदा सांगतो. त्यामुळं आता आम्ही बायांना शिकवलंय की उठायच्या आधी डॉक्टरला उलट म्हणून दाखवायचं, "म्हणजे मी ही गोळी सकाळी जेवल्यावर एक, महिनाभर, असंच ना?" आधी लाज वाटते. मग सवय होते.

वहीच्या आमच्या चुकाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर तुम्हाला वाटेल आम्ही फार मोठं काम केलं. पहिल्याच महिन्यात आमच्यातल्या एकीनं बैठकीत वही मोठ्यानं वाचली. नावासकट, दुखण्यासकट. हप्ते वाचायची सवय, तसंच वाचलं. दोन घरांत भांडणं झाली. एक बाई गट सोडून चालली होती, तिच्या घरी तीन वेळा जाऊन माफी मागावी लागली. तेव्हापासून वहीत नाव नाही, नंबर आहे. नाव आणि नंबरचा कागद एकीकडंच असतो. बैठकीत फक्त अडचणी वाचायच्या, दुखणं वाचायचं नाही.

दुसरी चूक समजायला वेळ लागला. "आता कसं आहे" या रकान्यात सगळीकडं "बरं आहे" लिहिलेलं. आम्ही खूश. मग लक्षात आलं की बाई आपल्या तोंडावर "बरं आहे" असंच म्हणते. कर्ज गटाकडून घ्यायचंय, कशाला वाईट बोला. शिवाय सर्दी-खोकला आठ दिवसांत आपोआपच जातो, डॉक्टर पडद्यावर असो का नसो. त्याचं श्रेय टॅबलेटला कसं द्यायचं? म्हणून आता साध्या तापा-सर्दीचं आम्ही फार धरत नाही. बीपी आणि शुगरवाल्या बायांचा आकडा तीन-तीन महिन्यांनी बघतो, आणि पुढं पाठवलेल्या बाया पोचल्या का ते बघतो. बीपीचं यंत्र आपल्याला खूश करायला काही बोलत नाही.

तिसरी गोष्ट अजूनही सुटलेली नाही. वहीत येतात त्या उपकेंद्रात गेलेल्या बाया. गेल्याच नाहीत त्यांचं काय? तांड्यावरच्या, ऊसतोडीला गेलेल्या, दिवसभर वीटभट्टीवर असणाऱ्या. उपकेंद्र उघडं असतं तेव्हा त्या कामावर असतात. आमच्या वहीत त्यांच्यासाठी ओळच नाही. वही बघून वाटेल गावात सगळ्यांना सोय मिळाली.

सहा महिन्यांची वही झाल्यावर आम्ही ती गावच्या ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीपुढं नेली. ही समिती प्रत्येक महसुली गावात असते, तिला दरवर्षी थोडा बंधनमुक्त निधीही असतो. तुमच्या गावात ती आहे हेच कित्येक जणींना माहीत नसतं, आम्हालाही नव्हतं. आम्ही भाषण केलं नाही. चार गोष्टी मागितल्या. खोलीच्या दाराला पडदा, आणि तपासणीच्या वेळी आत फक्त पेशंट आणि सीएचओ. कानात घालायचा हेडफोन, म्हणजे डॉक्टरचं बोलणं बाकावरच्यांना ऐकू जाणार नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या संपत आल्या तर संपायच्या आधी आठ दिवस गटाला सांगायचं. आणि डॉक्टरनं कुणाला पुढं पाठवलं तर त्याच दिवशी, त्या बाईची परवानगी घेऊन, आशाताईला किंवा गटाला कळवायचं.

पडदा आणि हेडफोन पंधरा दिवसांत आले. खर्च तो किती! गोळ्यांचं अजून मागंपुढं होतं, कारण ते गावाच्या हातात नाही. वर लिहून दिलं आहे. चौथ्या गोष्टीसाठी आम्ही गटातच ठराव केला. पुढं पाठवलेल्या बाईला अंतर्गत कर्जातून गाडीभाडं त्याच दिवशी मिळेल, बैठकीची वाट बघायची नाही, आणि सोबत एक सदस्या जाईल. तिचा रोज बुडतो म्हणून गटातून तिला अर्धा रोज. यावर फार वाद झाला. गटाचा पैसा व्याजावर फिरवायचा का असा द्यायचा? एका काकूंनी अजून त्या ठरावाला मनापासून होकार दिलेला नाही. त्यांचंही बरोबर आहे, पैसा सगळ्यांचा आहे. वर्षाअखेर हिशेब बघून ठराव पुन्हा चर्चेला ठेवू असं ठरलंय.

जाता जाता कामाच्या दोन-चार गोष्टी. पडद्यावर बोलायला जाताना जुनी चिठ्ठी, चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, नावं सांगता आली नाहीत तरी दाखवता येतात. पोटुशी असाल, अंगावर पाजत असाल तर डॉक्टरनं विचारलं नाही तरी सांगा. डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असला पाहिजे, तो बघा. झोपेच्या, नशेच्या काही गोळ्या पडद्यावरून देताच येत नाहीत, त्यासाठी सीएचओशी भांडू नका. मन फार उदास असेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, फोन करायला पैसे लागत नाहीत, बोलायला टॅबलेट लागत नाही.

आणि काही दुखण्यांना पडद्यासमोर बसायचंच नाही. छातीत कळ, तोंड वाकडं होणं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, साप चावणं, विष पोटात जाणं, गरोदरपणी रक्त जाणं, गरोदर बाईचं डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढं अंधारी येणं, झटके येणं, बाळाला धाप लागणं. यात रेंजची वाट बघू नका. सरळ १०८. शुगर असलेल्या बाईच्या पायाची जखम १०८ ची नसली तरी ती दसऱ्याची वाट बघत नाही. रोज रात्री पाय धुऊन तळव्याखाली आरसा धरून बघायचा, हे आता आमच्या गटातल्या सगळ्या शुगरवाल्या करतात. दहा रुपयांचा आरसा पुरतो.

आमची ती फुलवाली मैत्रीण आता बूट घालून गुलाब तोडते. लोक हसतात, साडीवर बूट म्हणून. वही सध्या तिच्याकडंच आहे. घरोघरी विचारायला तीच जाते, कारण तिच्यापुढं "बरं आहे" म्हणून कुणी सुटत नाही, ती आधी आपला पाय दाखवते. ज्या गटांना अशी वही काढायची असेल त्यांनी आठवडी बाजाराच्या दिवशी आमच्या गटाच्या खोलीवर यावं. रकाने कसे पाडलेत ते बघून घ्यावं. रेघा थोड्या वाकड्या आहेत. आणि येताना तुमच्या गावात ज्या बाया उपकेंद्रात जातच नाहीत त्यांच्यासाठी ओळ कशी आखायची, हे सुचलं असेल तर आम्हालाही सांगा.